रथापुढे की रथामागे?

पंधरा वर्षांच्या मुलीला, सईला, आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत न्यायचं, हे आमच्या घरात सहज ठरलं. कसं न्यायचं, यावर मात्र बहीण-भावाचं अजून जुळत नाही. एका बाजूला माझा नवरा. पुण्यात नोकरी, ऑफिसच्या घोळक्यातून पुणे ते सासवड हा एका दिवसाचा टप्पा चाललेला, दि. बा. मोकाशींचं 'पालखी' उशाशी ठेवणारा आणि कुठल्याही गोष्टीचा एक्सेलमध्ये तक्ता केल्याशिवाय चैन न पडणारा. दुसऱ्या बाजूला त्याची थोरली बहीण, माझ्या वन्सं. फलटण तालुक्यात दिलेल्या. त्यांच्या सासूबाई थकल्या, तेव्हापासून सासूबाईंच्या जागी गावच्या दिंडीत चालतात. मी मधे. मी जाणार नाही, कारण घरात सासऱ्यांना एकटं ठेवता येत नाही. माझ्याकडे औषधांची पिशवी आणि शाळेचा अर्ज. दोघांचं बोलणं ऐकलं तसं उतरवते आहे. थोडं छाटलंय, कारण ही दोघं बोलायला लागली की एकमेकांचं लहानपण बाहेर काढतात.

नवरा — ताई, मी सगळं काढून ठेवलंय. एकूण साधारण अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. रोजचा टप्पा, रोजचा मुक्काम, जवळचं हॉस्पिटल, सगळं तक्त्यात आहे. गाडी ड्रायव्हरसकट मागे ठेवतो. फलटणला लॉजवर खोली घेतो. सईला एक दिवस नीट अंघोळ, नीट झोप.

वन्सं — गाडी कुठून आणशील? पालखी घाटात असते तेव्हा दिवेघाट बाकीच्या गाड्यांना बंद. तुझा ड्रायव्हर वळसा घालून सासवडला पोचेल, तोवर पोर जेवून घोरत असेल. पुढेही तेच. पालखीच्या रस्त्यावर गाडी ठेवणं म्हणजे तिला शोधायला आणखी एक माणूस ठेवणं.

नवरा — मग पाय मुरगळला तर?

वन्सं — दिंडीचा ट्रक आहे, पाण्याचा टँकर आहे, रुग्णवाहिका फिरत असतात, गावोगावी डॉक्टर मांडव टाकून बसलेले असतात. दिंडीत नाव घाल, भिशी भर. राहुटीत झोपायची जागा, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा त्यात आला. तुझा तक्ता दिंडीनं आधीच करून ठेवलाय. हैबतबाबा आरफळकरांनी हा सोहळा लावून दिला त्याला दोनशे वर्षं होत आली. दिंड्यांचा क्रम, तळ, विसावा, आरती, सगळं बसलेलं आहे.

नवरा — लाखो लोकांत पंधरा वर्षांची मुलगी, आणि तू म्हणतेस दिंडी बघेल!

इथे मी नवऱ्याच्या बाजूची. 'दिंडी बघेल' हे वन्संचं नेहमीचं उत्तर, आणि ते पोटाच्या तक्रारीपासून हरवण्यापर्यंत सगळ्याला लागू पडतं. म्हणून मी जरा खोदून विचारलं: हरवली तर नेमकं काय करायचं? तेव्हा जे कळलं, ते तक्त्यात कुठेच नव्हतं. माउलींच्या रथापुढे दिंड्या असतात आणि रथामागेही असतात. दोन्हीकडे क्रमांक पुन्हा एकपासून. म्हणजे नुसतं 'दिंडी नंबर अमुक' हा पत्ता अर्धाच. रथापुढे की रथामागे, हे आधी सांगावं लागतं. चालताना प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, तळावर राहुट्यांची जागाही ठरलेली. एवढं तोंडपाठ असलं की कुठलाही वारकरी, कुठलाही पोलीस माणसाला जागेवर आणून सोडतो. फोन लागतोच असं नाही. एका गावाच्या टॉवरवर एवढे लोक आले की तो मान टाकतो. सईच्या गळ्यात आता एक कार्ड असणार आहे. त्यावर पहिली ओळ 'रथामागे', दुसरी ओळ क्रमांक, आणि फोन नंबर सगळ्यांत खाली.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या वाक्यावर.

नवरा — मला वाटतं, या तीन आठवड्यांत तिचा मोबाइल सुटेल. जरा खरं जग बघेल. उलट उत्तरं देते ते कमी होईल.

वन्सं — वारी म्हणजे काय व्यसनमुक्ती केंद्र आहे?

नवरा — तसं नाही गं...

वन्सं — तसंच आहे. आणि मोबाइल काय सुटतोय! आमच्या राहुटीत रात्री जनरेटर सुरू झाला की चार्जिंगच्या पट्टीवर बायांची भांडणं होतात. नातवाचा व्हिडिओ बघितल्याशिवाय म्हाताऱ्या झोपत नाहीत. पोरीला वळण लावायला आणणार असशील तर आणू नकोस. कुणाला शिक्षा म्हणून चालायला लावलं की तो पहिल्या दिवसापासून किलोमीटर मोजतो.

नवरा — पण उलट उत्तरं...

वन्सं — तिला समाजआरती दाखवते. तू ती बघितलेली नाहीस, तू सासवडहून बसनं घरी आलास. संध्याकाळी तळावर पालखी येते, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात. झाले सगळे टाळ बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जाणार, काय झालं ते विचारणार, निवाडा करणार, त्यानंतर आरती. माउलींच्या तळावर तक्रारीला जागा ठेवलेली आहे, आणि तुझ्या घरात पोरीनं तोंड उघडलं की उद्धट?

यावर नवरा काही बोलला नाही. मला मात्र हसू आवरेना, कारण लहानपणी घरात सगळ्यांत जास्त टाळ कोण वाजवायचं, हे सासऱ्यांकडून मी ऐकलेलं आहे.

मग सईला बोलावलं. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, ही गोष्टही वन्संच्याच लक्षात आली. सई आली ती भुवया ताणूनच.

सई — आत्या, माझा देवावर फारसा विश्वास नाही. चालेल?

वन्सं — भिशी भरलीय ना?

सई — बाबा भरणारेय.

वन्सं — मग चालेल. पहाटे साडेतीनला उठावं लागेल ते बघ. पाच वाजता टँकरपाशी रांग लागते, त्याच्या आधी बायकांनी साड्या आडव्या धरून अंघोळी उरकायच्या. सहाच्या आत वळकटी बांधून ट्रकमध्ये टाकायची. ट्रक पुढे गेला की रात्रीपर्यंत आपलं सामान आपल्याला दिसत नाही. दिवसभर खांद्यावरच्या शबनममध्ये जे असेल तेवढंच आपलं.

सई — आणि टॉयलेट?

वन्संनी इथे आढेवेढे घेतले नाहीत, हे मला आवडलं. पूर्वी अंधाराचा आडोसा हाच उपाय होता. आता तळांवर फिरती शौचालयं ओळीनं उभी असतात. पहाटे स्वच्छ असतात, सात वाजता नसतात. म्हणून साडेतीन. पाळी आली तर काय, हे मी विचारलं, कारण बापाला विचारायचं सुचलं नव्हतं आणि तारखांचा हिशेब करता ती वाटेतच येणार. वन्सं म्हणाल्या, त्यांच्या सासूच्या वेळी त्या दिवसांत तुळस डोक्यावर घ्यायची नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या. आता राहुटीत कुणी चौकशी करत नाही आणि कुणी केलीच तर सोयराबाईंचं नाव घ्यायचं. विटाळ कुणाला चुकलाय, हा प्रश्न चोखोबांच्या बायकोनं सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी अभंगातच विचारून ठेवलाय. सईनं सोयराबाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. मराठीच्या पुस्तकात तिला चोखोबा भेटले होते, सोयराबाई नाही. पिशवीत जास्तीचे पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि वापरलेले पॅड कचराकुंडी दिसेपर्यंत ठेवायला एक घट्ट बंद होणारी पिशवी, अशी भर मी यादीत घातली.

चालण्याच्या सरावाबद्दल दोघांचं अजिबात पटलं नाही. नवऱ्याचा बेत असा की दर रविवारी सिंहगड. वन्सं म्हणाल्या, गड चढून दम वाढेल, पण वारीत दमाचं काम नाही. वारीत डांबर तापलेलं असतं, चाल गर्दीच्या वेगानं असते, चार पावलं चालायचं आणि उभं राहायचं. पोटऱ्या चालून भरत नाहीत, उभं राहून भरतात. सराव करायचा तर दुपारी बाराला, सपाट रस्त्यावर, लागोपाठ तीन-चार दिवस, आणि जी पादत्राणं घालून जायचं तीच घालून. नवीन बूट म्हणजे हमखास फोड. बूट एकदा भिजले की वारीत वाळत नाहीत, म्हणून सोबत पट्ट्याच्या चपला. नीरेपर्यंत पाऊस भिजवतो, तिथून पुढे फलटण, बरड, नातेपुते हा दुष्काळी पट्टा. ढग नुसतेच वर फिरतात आणि उकाडा सोलून काढतो. फोडातून दोरा ओवायचा त्यांचा उपाय मी ऐकून घेतला आणि पिशवीत चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम आणि क्षारसंजीवनीची पाकिटं भरली. सगळंच परंपरेवर सोडायचं नसतं.

एका बाबतीत मात्र नवऱ्याचा अनुभव खरा होता. पुणे-सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि नेमकी त्या दिवशी एकादशी. त्यानं स्वतः तो केळी आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढला होता आणि घाटाच्या वरच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सईनं त्या दिवशी पोटभर जेवायचं, हे त्यानं ठासून सांगितलं. वन्संनी लगेच मान्य केलं. वाढत्या वयाच्या पोरीला उपास कशाला, म्हणाल्या. भाकरी बांधून घेऊ.

मग नवऱ्यानं सईला समजावायला सुरुवात केली. वारीत सगळे सारखे, डॉक्टर आणि हमाल एकमेकांच्या पाया पडतात, वारीत जात नसते, वगैरे. सईनं थेट आत्याला विचारलं, "खरंच नसते?"

वन्सं — पाया पडतात हे खरं. माझ्या पायाला एकदा फौजदारानं हात लावला, मीच लाजले. पण दिंड्या कशा असतात बघ. काही गावाच्या, काही फडाच्या, काही एकेका समाजाच्या. कोण कुणाच्या पंगतीला बसतं, ते तू आपल्या डोळ्यांनी बघ.

नवरा — ताई, आत्ताच कशाला तिच्या डोक्यात...

मी — इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी हेच लिहिलंय. भजनाला एकत्र असलेली माणसं जेवायला वेगळी बसत होती, आणि ते त्यांना लागलं होतं. ते आज किती बदललंय, हे सईनं पाहून यावं.

वन्सं — आणि पंढरपुरात महाद्वाराशी चोखोबांची समाधी दाखवीन. पायरीपाशी. जिवंतपणी आत जाता आलं नाही म्हणून. साने गुरुजी 1947 साली उपोषणाला बसले, तेव्हा कुठे देऊळ सगळ्यांना उघडलं. हे ठाऊक नसताना दर्शन घेतलं तर काय बघितलं?

नवऱ्याचं म्हणणं असं की पोरीनं आधी भारावून जावं, प्रश्न नंतर पडतील. वन्संचं म्हणणं, पंधराव्या वर्षी माणूस भारावतो तो प्रश्न विचारता विचारताच. मला वन्संचं पटतं. भक्तीचं कौतुक करणाऱ्या बापापेक्षा अडचणीच्या जागा दाखवणारी आत्या अशा मुलांना जास्त विश्वासाची वाटते. पण नवऱ्याच्या बोलण्यातही थोडं तथ्य आहे. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, दोन्ही बाजूंच्या दिंड्यांच्या मधून अश्व धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती उचलायला माणसं झेपावतात. त्या क्षणी डोक्यात जातिव्यवस्थेचा इतिहास असलाच पाहिजे असं नाही.

आता चालायचं कसं, यावर आलो. नवऱ्यानं गृहीत धरलं होतं की तो आणि सई जोडीनं चालणार. बाप-लेकीच्या गप्पा, वाटेतली झाडं, गावांचा इतिहास. त्याच्या मनात ते कधीपासून असणार.

वन्सं — तुम्ही जोडीनं चालत नाही. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्या मागे तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया. तू टाळ घेणार, म्हणजे तू पुढे. ती माझ्याबरोबर मागे. रात्रीही राहुट्या वेगळ्या.

सई — बायका मागे का?

वन्सं — विचार विणेकऱ्यांना. मीही विचारलं होतं. त्यांनी दिलेलं उत्तर मला पटलं नाही, तुला पटतं का बघ.

नवरा — म्हणजे दिवसभर मी तिला बघणारच नाही?

वन्सं — जेवताना बघशील. ती वाढायला असेल. मी दिंडीप्रमुखांशी बोलून ठेवलंय, तिच्याकडे दुपारच्या पंगतीत पाणी आणि भाकरीचं टोपलं. दिंडीत ज्याच्याकडे काम नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. घरी तिला ताट उचल म्हणून तुम्ही सांगता. तिथे शंभर माणसं तिच्या टोपल्याची वाट बघत बसलेली असतील. तू शेजारी राहिलास की ती तुझी लेक. मागे माझ्या रांगेत आली की बाया तिला माउली म्हणतात आणि कामाला लावतात.

सईचा चेहरा इथे पहिल्यांदा सैल झाला. नवऱ्याचा पडला. त्यानं तक्त्यातला 'संवादाचे विषय' नावाचा रकाना मिटवला. असा रकाना आहे हे मला त्याच वेळी कळलं.

पण सगळ्यांत मोठा वाद पुढेच होता. किती चालायचं? मी सुचवलं होतं की फलटणहून सामील व्हावं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. यंदा नववी, पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे जायचं तर यंदाच, पण तीन आठवडे शाळा बुडवणं मला जड जातं. नवऱ्याला पूर्णच वारी हवी. वन्संना कितीही चालतं. आषाढीला जमलेल्या माणसांत कुणी कुठून सामील झालं, हे विठोबा विचारत नाही, असं त्या म्हणतात.

नवरा — हाती घेतलं ते पूर्ण करायचं, हे तिला कळायला हवं.

वन्सं — चौथ्या दिवशी ती म्हणाली घरी जायचंय, तर?

नवरा — समजूत घालू. एक-दोन दिवस रडेल. जिद्द अशीच येते.

वन्सं — मग मी तिला नेत नाही.

हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. पुढचं बोलणं त्या सईकडे बघून बोलल्या. त्यांच्या राहुटीत एका वर्षी एक मुलगा होता, आजोबांनी आणलेला. घरी जायचं म्हणून रोज रात्री उशीत तोंड खुपसायचा. पंढरपूर झालं, पूर्ण वारी झाली. नंतर कधी तो दिंडीकडे फिरकला नाही. आजोबा गेले तेव्हा त्यांची वीणा घ्यायलाही आला नाही.

नवरा — सगळेच तसे नसतात.

वन्सं — नसतात. पण परत जायची वाट मोकळी असली की थांबणारं माणूस आपल्या मनानं थांबतं. ती वाट आधी ठरवून ठेवू. तुझा तक्ता तिथे उपयोगी आहे.

आणि खरंच, त्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदा एका कागदावर वाकली. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही ठिकाणं पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत. म्हणजे पालखी लोणंदला पोचेपर्यंत, सईला परत यायचं झालं तर पुण्याची गाडी आहे. गर्दीचा रस्ता आणि वळवलेल्या एसट्या टाळून. लोणंदला तिथीच्या क्षय-वृद्धीप्रमाणे कधी एक, कधी जास्त मुक्काम पडतो, तेव्हा विचार करायलाही उसंत. त्याआधी नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान, म्हणजे तेवढं तरी बघून होईल. नवऱ्यानं चारही स्थानकांच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घ्यायला सुरुवात केली. ठरलं असं की लोणंदला सईनं सांगायचं. बापानं त्याआधी विचारायचं नाही आणि आत्यानंही नाही. पुढे गेली तर पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं की कळसाला हात जोडून चंद्रभागेवर जायचं, तेही तिनंच ठरवायचं. यावर नवरा कुरकुरला. एवढं चालून कळसदर्शन? वन्संना पायांवर डोकं ठेवायची संधी आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाली आहे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

सईची एक अट होती: नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचे फोटो टाकायचे नाहीत. डोक्यावर तुळस घेतलेला तर मुळीच नाही. नवऱ्याला ही अट सगळ्यांत जड गेली. एक फोटो, फक्त रिंगणाचा, तोही तिला दाखवून, इथवर तडजोड झाली आहे. वन्संच्या मते तोही नको.

राहिला शाळेचा अर्ज. वर्गशिक्षिकांच्या नावे कागद घेऊन मी बसले आणि विचारलं, रजा किती दिवसांची लिहू? नवरा म्हणाला, दशमीपर्यंत लिही, उगाच पळवाट नको. वन्सं म्हणाल्या, लोणंदपर्यंत लिही, पुढचं फोनवर कळव. सईनं दोघांचं ऐकलं आणि माझ्यापुढे आणखी एक कोरा कागद ठेवला.

सई — दोन लिही. पहिला शाळेत दे. दुसऱ्यावर सही करून ठेव, तारीख घालू नकोस. तो माझ्या शबनममध्ये राहील. लागला तर लोणंदहून फोटो काढून पाठवते.

मी दोन्हींवर सही केली. नवरा दुसरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपल्या कागदपत्रांबरोबर ठेवायला निघाला होता. सईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.